परफ्यूम ऑइल की स्प्रे?
छोट्या, स्वतंत्र मेकर्सचं परफ्यूम ऑइल आणि अल्कोहोलचा स्प्रे. सुगंधाचं मिश्रण एकच असलं, तरी अंगावर दोघांची चाल वेगळी. स्प्रेमधलं अल्कोहोल लगेच उडतं आणि जाताना लिंबू-संत्र्यासारखे हलके वास हवेत उधळतं. त्यामुळे पहिला दरवळ जोरदार, शेजारच्यालाही कळणारा. तेल उडत नाही. जोजोबा (एका बीचं तेल) किंवा फ्रॅक्शनेटेड, म्हणजे न गोठणाऱ्या पातळ नारळतेलात मुरलेला सुगंध अंगाच्या उबेने सावकाश सुटतो. मनगट नाकाशी नेलं तर भरपूर, हातभर अंतरावर जवळजवळ काहीच नाही.

तेलाची परीक्षा कुपीतून मात्र करू नये. समजा, व्हॅनिला-धुपाचं तेल आहे; झाकण उघडून हुंगलं की दोन्हींचा नुसता गोडमिट्ट गोळा लागतो. त्वचेवर थोडा वेळ गेला की तो सुटा होतो, धुपातला राळेसारखा कडवटपणा वेगळा जाणवतो. मला तर खरी मजा तिथूनच पुढे वाटते. त्वचा कोरडी असेल तर आधी बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा.

टिकण्याचं म्हणाल तर चंदन, ऊद (अगरूचं सुगंधी लाकूड) हे जड वास दोन्हींत टिकतात. लिंबूवर्गीय वास तेलातही फार तग धरत नाही, त्यामुळे 'तेल म्हणजे दिवसभर' हे सरसकट खरं नाही. कपड्यांवर स्प्रेच बरा, तेलाचा डाग पडतो. ऑफिसात, बंद गाडीत मी तेलच निवडेन. आणि 'नैसर्गिक' लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका; नैसर्गिक तेलांचीही अ‍ॅलर्जी येते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून पाहा.