दुकानाच्या दर्शनी भागासाठीचं अनुदान: १४ महिन्यांनंतरचा अनुभव

मंगळवारी सकाळी काचेमागची जाळी अर्ध्यावर अडकली आणि मला वाकून दुकानात शिरावं लागलं. बसवणाऱ्याला फोन केला, तर वॉरंटी १२ महिन्यांची, म्हणजे संपलेली. अनुदान देणाऱ्या काउन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, उत्तर आलं: अनुदान बसवण्यापुरतं होतं, देखभाल तुमची. पण करारात तर लिहून घेतलंय की दर्शनी भाग ५ वर्षं नीट राखायचा! जाळीच्या मोटरचे ३८० पौंड माझ्या गल्ल्यातून गेले, म्हणून हे लिहायला बसले.

उत्तर इंग्लंडमधल्या एका छोट्या गावात, हाय स्ट्रीटवर, म्हणजे मुख्य बाजाररस्त्यावर, माझं कपडे अल्टर करायचं दुकान आहे. अर्जासाठी तीन कोटेशनं, लँडलॉर्डचं संमतीपत्र, प्लॅनिंगची परवानगी हे सगळं इथल्या दुकानदारांना ठाऊकच आहे. खर्च ६,४०० पौंड, त्यातला ७५ टक्के काउन्सिलचा. मात्र आधी सगळे पैसे आपण भरायचे, पावत्या द्यायच्या आणि वाट बघायची. मला ११ आठवडे लागले. तोवर भाडं ओव्हरड्राफ्टमधून भरलं. शेजारच्या चपला दुरुस्त करणाऱ्या काकांनी याच धास्तीने अर्जच केला नाही, आणि गरज त्यांना माझ्याहून जास्त होती. हे मी काउन्सिलला तीनदा लिहून कळवलंय.

आता शटर. पूर्वी बाहेरून पत्र्याचं होतं. अट अशी की पत्रा काढायचा, काचेच्या आत जाळी लावायची. मी खूप भांडले. रात्री कुणी काच फोडली तर? पहिले दोन-तीन महिने धड झोप लागली नाही.

मग नोव्हेंबर आला. चार-साडेचारलाच अंधार. दुकान बंद केल्यावरही मी खिडकीतला दिवा चालू ठेवायला लागले. बसमधून उतरणाऱ्यांना पुतळ्यावरचा कोट दिसायचा. "इतकी वर्षं इथून जाते, इथे शिवणकाम होतं हे माहीतच नव्हतं," असं एक बाई म्हणाल्या, मग आणखी दोघी. खरंच, त्या कामावरून सुटायच्या तेव्हा माझ्या दुकानाचा पत्रा खाली आलेला असायचा. चेन बदलणं, पँट आखूड करणं, लग्नाचे पोशाख, सगळंच वाढलं. नवी पाटी आणि रंगासाठी कुणी आत आलेलं मला आठवत नाही. काम आणलं ते त्या उजेडाने. शटरबद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेते.

पण रस्ता सुधारला का? टोकाला वूलवर्थ्स या मोठ्या दुकान-साखळीची जुनी जागा आहे. ती साखळी जानेवारी २००९ मध्ये संपली. नंतर तिथे दोन दुकानं आली आणि गेली. माझ्या ४,८०० पौंडांनी त्या जागेचं काहीच होणार नाही. २०१२ मध्ये सरकारने दुकानांच्या व्यवसायातल्या सल्लागार मेरी पोर्टास यांच्या हाय स्ट्रीटवरच्या अहवालानंतर पहिल्या १२ गावांना मिळून सुमारे १२ लाख पौंड दिले होते, तेव्हाही अडचण हीच होती: रिकाम्या जागेचा मालक पैसे घेणाऱ्यांत नसतो. डिसेंबर २०२४ पासून वर्षभराहून जास्त रिकामं राहिलेलं दुकान काउन्सिल लिलावाने भाड्याने देऊ शकते. माझ्या मते खरी किल्ली तीच, पण आमच्याकडे ती अजून कुणी फिरवलेली नाही.

आणि एक गोष्ट मला फार लागली. दुकानाची रेटेबल व्हॅल्यू (करासाठी ठरवलेलं वार्षिक मूल्य) १२,००० पौंडांच्या आत असल्याने बिझनेस रेट्स, म्हणजे दुकानाच्या जागेवरचा कर, मला भरावे लागत नाहीत; माझं सगळं ओझं भाड्याचं. नवी काच बघून लँडलॉर्डने आता भाडं वाढवायची भाषा सुरू केलीय. पैसे काउन्सिलचे, १,६०० माझे, आणि किंमत वाढली त्याच्या इमारतीची. अनुदान देतानाच काही वर्षं भाडं न वाढवण्याचं त्याच्याकडून लिहून घ्यायला हवं होतं. देखभालीचं माझ्याकडून घेतलंच ना?

गुरुवारी मोटर बदलली. अर्जांची पुढची फेरी उघडलीय, काकांचा अर्ज मीच भरतेय. सोबतच्या पत्रात निम्मी रक्कम आधी मागितली आहे. मिळाली, तर बसस्टॉपपासून माझ्या दारापर्यंत सलग दोन खिडक्या उजळतील.