किंगवरचे दोन माहितीपट: आधी कुठला?

मार्टिन ल्यूथर किंगवर एकच माहितीपट बघायचा तर ‘किंग: अ फिल्म्ड रेकॉर्ड’ (१९७०) की ‘एमएलके/एफबीआय’ (२०२०), असं भाचीनं विचारलंय.

वेळ: पहिला तीन तासांचा, दुसरा पावणेदोन.

मांडणी: पहिल्यात निवेदकच नाही. माँटगोमेरीतल्या वर्णभेदाविरुद्धच्या बस बहिष्कारापासून मेम्फिसमधल्या हत्येपर्यंतचं जुनं चित्रण थेट समोर येतं. बर्मिंगहॅममध्ये शाळकरी पोरांवर सोडलेले पाण्याचे फवारे, अंगावर धावणारे पोलिसी कुत्रे. कुणी समजावत बसत नाही, हे बरंच. मधूनच नामवंत नट उतारे वाचतात, ते मात्र उपरं वाटतं.

सॅम पोलार्डचा दुसरा माहितीपट एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेनं किंगवर ठेवलेल्या पाळतीवर आहे: हॉटेलच्या खोल्यांत लपवलेले मायक्रोफोन, १९६४ मध्ये किंगना धाडलेलं निनावी पत्र. बोलणाऱ्यांचे फक्त आवाज. चेहरे शेवटी दिसतात. किंगच्या खासगी आयुष्यावरचे अवघड प्रश्न तो टाळत नाही, जे पहिल्यात सापडणार नाही.

पूर्वतयारी: दुसऱ्याला कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीची तोंडओळख हवी, नाहीतर एफबीआयचा प्रमुख हूव्हर किंगवर एवढा का पेटला होता ते उमगत नाही.

म्हणून भाचीनं पहिलाच बघावा, हवं तर दोन बैठकांत. किंगचं ‘आय हॅव अ ड्रीम’ भाषण पाठ असलेल्यांनी थेट दुसरा लावावा.