दिवाळीला भाच्याला काय घ्यावं: सावंतवाडीची लाकडी गाडी की बॅटरीवरची?

मैत्रिणीचा भाचा दोन वर्षांचा. दिवाळीत त्याला खेळणं द्यायचंय, पण गाडी लाकडी घ्यावी की दिवे-गाणीवाली, यावर तिचं अडलंय.

किंमत: रस्त्यावरची बॅटरीची गाडी स्वस्त पडते, लाकडी तिच्यापेक्षा महाग. पण सेल पुन्हा पुन्हा घ्यावे लागतात, तो खर्च कुणी धरत नाही.

टिकाऊपणा: लाकडी गाडीचं चाक निघालं तर घरी बसवता येतं. दुसरीची मोटर गेली की ती अडगळीतच जाते.

सुरक्षितता मात्र नीट बघा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विभागाकडे नोंदणी झालेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, त्यामुळे त्यांच्या खेळण्यांवर हे चिन्ह नसेलही. म्हणून सावंतवाडीच्या चितार आळीत, म्हणजे लाकडी खेळण्यांच्या गल्लीत, घेताना रंग कोणता ते विचारा, ओल्या फडक्याने पुसून बघा, कडांवरून बोट फिरवा. बॅटरीच्या खेळण्यात सेलचं झाकण स्क्रूचं हवंच. बटण सेल (बटणासारखा चपटा गोल सेल) गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. अशा वेळी थेट दवाखाना गाठायचा. तीन वर्षांखालच्या मुलाला सुटे बारीक भाग असलेलं काहीच नको, मग ते लाकडी असो की प्लास्टिकचं.

तोंडात सगळं घालणाऱ्या या भाच्याला मी लाकडीच देईन. पाच-सहा वर्षांच्या, दिव्यांचं वेड असलेल्या मुलाला बॅटरीची चालेल, पण चिन्ह आणि स्क्रू बघूनच.