सातारा पासिंगची जीप आणि चॅसीतली वाळू

मागच्या वर्षी मार्चमध्ये मी एक जुनी महिंद्रा एमएम 540 घेतली, 2 लाख 85 हजारांना. मे संपायच्या आत तिचा मागचा पाटा, म्हणजे चाकावर गाडी तोलणारी पट्ट्यांची स्प्रिंग, चॅसीतून, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून उपटून आला. त्या वेळी गाडीच्या मागे माझा सोळा वर्षांचा पुतण्या हातात दगड घेऊन उभा होता. त्याला काही झालं नाही, पण व्हायला काहीच वेळ लागला नसता, म्हणून हे लिहितो आहे. आपल्या किनारपट्टीवर जुन्या फोर बाय फोरची, म्हणजे चारही चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांची हौस वाढली आहे आणि मला ज्या रीतीने फसवलं त्याच रीतीने आणखी जण फसले आहेत, हे मला नंतर कळलं.

आमची गुहागर तालुक्यात आंब्याच्या कलमांची बाग आहे. घर वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, बाग खाली उतारावर. मधला रस्ता अर्धा कातळाचा, अर्धा तांबड्या मातीचा. वळवाची एक सर पडली की पिकअप तिथे येत नाही आणि शेवटच्या पेट्या डोक्यावरून वर आणाव्या लागतात. माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही. नवी थार माझ्या आवाक्यात नव्हती. शिवाय जुन्या जीपचं मला लहानपणापासून वेड. एमएम 540 मधलं 2112 सीसीचं डिझेल इंजिन महिंद्राने प्यूजोच्या परवान्यावर बनवलेलं. त्यात सेन्सर नाहीत, कॉम्प्युटर नाही. पाने घेऊन बसलं तर साधा माणूस हळूहळू शिकू शकतो. मला गाडी नुसती चालवायची नव्हती, तिचं काम स्वतः करायला शिकायचं होतं.

शिकवणारा एक जण ओळखीतून कळला. प्रकरण अजून चालू आहे म्हणून नाव लिहीत नाही. चार रविवार, 12 हजार रुपये, सहा जणांची बॅच. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. एका बंद पडलेल्या चिरेखाणीत ते शिकवायचे.

त्यांनी जे शिकवलं ते चुकीचं नव्हतं, आणि विश्वास बसला तो त्यामुळेच. स्टिअरिंग धरताना अंगठे आत अडकवायचे नाहीत, कारण चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग उलटं फिरतं आणि अंगठा मोडतो. चढ सरळ चढायचा, सरळच उतरायचा, आडवं कधी जायचं नाही. उतारावर लो (फोर व्हीलचा कमी वेगाचा, जास्त जोराचा गिअर) टाकून पहिल्या गिअरमध्ये इंजिनवर गाडी सोडायची, क्लचला पाय लावायचा नाही. चढात इंजिन बंद पडलं तर ब्रेक दाबून ठेवायचा, रिव्हर्स टाकायचा आणि आलो त्याच रेषेत मागे यायचं. भुसभुशीत वाळूत टायरची हवा पंधरा-अठरा पीएसआयपर्यंत उतरवायची. कोरड्या डांबरावर फोर व्हील टाकायची नाही, कारण वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत आणि तो ताण सगळा गिअरवर येतो. हे सगळं खरं आहे, मी आजही तसंच चालवतो.

पण चार रविवारांत त्यांनी आम्हाला एकदाही गाडीखाली झोपवलं नाही. देखभालीच्या नावाखाली बॉनेट उघडून डिझेल फिल्टर, ऑइल, फॅनबेल्ट दाखवला. चॅसी, पाटे, हौसिंग (चाकांमधल्या आसाचं लोखंडी आवरण), हब (चाकाचा मधला भाग, जिथे पुढचं चाक आसाशी जोडता किंवा सोडता येतं) यांचा विषय निघाला की "ते पुढच्या बॅचला" म्हणायचे. तेव्हा मला ते खटकलं नाही.

तिसऱ्या रविवारी ते म्हणाले, "दादा, तुमच्यासाठी एक गाडी बघून ठेवलीय. घाटावरची आहे, साताऱ्याची. समुद्र बघितलेला नाही तिनं." कोकणात जुनी गाडी घेणाऱ्या माणसाला यापेक्षा गोड वाक्य नाही. खाऱ्या हवेत पत्र्याचं काय होतं ते आपण घराच्या खिडक्यांच्या गजांवरही बघतो. गाडीचा नंबर एमएच 11, म्हणजे सातारा पासिंग. मला खात्रीच पटली.

मी बेसावध राहिलो असंही नाही. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून बघितला. कर्जाचा बोजा नव्हता, इन्शुरन्स चालू होता, पंधरा वर्षांनंतरचं पुनर्नोंदणीचं काम झालेलं होतं. इंजिन नंबर आणि चॅसी नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून पाहिले. कागद स्वच्छ होते. पण पासिंग साताऱ्याचं म्हणजे पहिला नंबर तिथे पडला, एवढंच. त्यानंतर गाडीने पंचवीस-तीस वर्षं कुठे काढली, ते आरसी बुकात कुठेच लिहिलेलं नसतं.

गाडी बघायला गेलो तेव्हा इंजिन गरम होतं. सर म्हणाले, आत्ताच एक चक्कर मारून आणली. जुन्या डिझेलची खरी परीक्षा सकाळी थंड इंजिनावर होते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. खाली वाकून बघितलं तर चॅसी काळीभोर, चकचकीत. "अंडरबॉडी कोटिंग नवीन करून दिलंय, तुमच्याकडच्या हवेसाठी," असं ते म्हणाले. मला बरं वाटलं. मग त्यांनी फोर व्हील लो टाकून गाडी खाणीतल्या एका खड्ड्यातून अलगद वर काढून दाखवली. लोमध्ये चाकांचा जोर दुपटीहून जास्त वाढतो. त्यामुळे मागची दोनच चाकं ओढत असली तरी कोरड्या कातळावर गाडी सहज वर येते. बघणाऱ्याला वाटतं चारही ओढतायत.

आरसीवरचा मालक पुण्याला असतो, असं सांगितलं. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर त्याच्या सह्या आधीच झालेल्या होत्या. दोन लाख मी सरांच्या खात्यावर टाकले, 85 हजार रोख दिले. माझी एका कागदावर सही घेतली, त्यात एक ओळ होती: "वाहन आहे त्या स्थितीत, पूर्ण तपासून घेतले आहे." ती ओळ मी वाचली होती आणि तरी सही केली.

मेच्या शेवटच्या आठवड्यात रात्री वळीव पडला. सकाळी शेवटच्या बावीस पेट्या घेऊन मी बागेतून निघालो. वळणाच्या वरच्या चढाला तांबडी माती चिकट झाली होती. लो टाकला, पहिला गिअर, गाडी अर्ध्यात थांबली आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली. पुतण्या बाजूने चालत होता. तो ओरडला, "काका, पुढची चाकं फिरतच नाहीयेत!" मला वाटलं, याला काय कळतंय. तो दगड उचलून मागच्या चाकाला लावायला धावला आणि त्याच वेळी गाडी मागे सरकली. मी शिकवल्याप्रमाणे सरळ रेषेत मागे यायचा प्रयत्न केला. मागचं उजवं चाक एका चिऱ्यावर चढलं, खालून कडाड आवाज आला आणि गाडीचा मागचा भाग एका अंगाला बसला. ती तिरकी होऊन गडग्याला, म्हणजे दगडी बांधाला टेकली. पुतण्या गडग्यावरून पलीकडे उडी मारून वाचला होता. दगड जिथे ठेवायला तो वाकला होता, तिथे आता गाडीचं चाक होतं.

चिपळूणला एक वयस्कर मिस्त्री आहेत, आयुष्यभर जीपच केल्या. ट्रॅक्टरने गाडी वर ओढून ट्रकवर घालून तिथे नेली. त्यांनी मला काही न विचारता एक साधी गोष्ट केली, आणि ती प्रत्येकाने गाडी घेण्याआधी करावी अशी माझी हात जोडून विनंती आहे. सपाट जागेवर इंजिन बंद, गिअरमध्ये, फोर व्हील टाकलेली, हब लॉक, मागच्या चाकांना दगड. मग पुढचं एकच चाक जॅकवर उचलायचं आणि हाताने फिरवून बघायचं. सगळं जोडलेलं असेल तर ते चाक थोडं हलून गच्च अडकतं. माझं चाक सायकलच्या चाकासारखं गरगर फिरलं.

त्यांनी हब उघडला. वरचं बटण फ्री आणि लॉकवर व्यवस्थित फिरत होतं, पण आत दात असलेली रिंगच नव्हती, नुसतं ग्रीस भरून ठेवलं होतं. दुसऱ्या बाजूलाही तेच. मिस्त्री म्हणाले, "नकलमधला, म्हणजे पुढचं चाक वळतं तिथला जॉइंट गेला असणार. त्याचा आवाज यायला लागला की काही लोक आतला माल काढून टाकतात. मग हाफ शाफ्ट, म्हणजे चाकाला फिरवणारा दांडा, चाकाबरोबर फिरत नाही आणि आवाजही येत नाही." म्हणजे मी दोन महिने चालवलेली फोर बाय फोर ही दोन चाकांवर ओढणारी गाडी होती.

मग त्यांनी छोटी हातोडी घेतली आणि चॅसीवर पुढून मागे ठोकत गेले. पुढे ठण, ठण. मधल्या भागात आवाज बसका झाला. मागच्या पाट्याच्या ब्रॅकेटजवळ आला तो पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला तर मुठीपर्यंत आत गेला. काळ्या कोटिंगचा जाड पापुद्रा निघाला, त्याखाली फायबरचं कापड, त्याखाली पुट्टी, आणि पुट्टीखाली हाताने चुरा होणारा गंज. जिथे ब्रॅकेट उपटलं होतं तिथल्या बंद भागात त्यांनी बोट घातलं आणि बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवलं ते काय होतं, तर पांढरी बारीक वाळू आणि नखाएवढा एक शिंपला.

"ही गाडी दर्यावर होड्या ओढायला होती, भाऊ," ते म्हणाले. "खारं पाणी आत शिरलं की चॅसी आतून खाते. बाहेरून कोटिंग मारलं की आतली ओल आतच राहते. ह्यात राम नाही." वेल्डिंग करून द्याल का, असं विचारलं. त्यांनी नाही म्हटलं. वेल्डिंग धरायला लोखंडच उरलेलं नाही आणि पट्टी मारून दिली तर पुढच्या वेळी जो मरेल त्याचं पाप मला लागेल, असं स्पष्ट म्हणाले. चॅसी बदलायची तर आरटीओची परवानगी लागते, चॅसी बदलाची नोंद आरसीवर करावी लागते, आणि खर्च गाडीच्या किमतीच्या जवळ जातो.

सरांना फोन केला. आधी म्हणाले, तुम्ही जास्त लोड घातलात. बावीस पेट्या सांगितल्या तेव्हा म्हणाले, "जुन्या गाडीला गॅरंटी नसते, दादा. तुम्ही तपासून घेतली असं लिहून दिलंय." त्यानंतर फोन उचलणं बंद. आरसीवरच्या मालकाचा पत्ता शोधून त्यांना भेटलो. सज्जन माणूस. त्यांनी गाडी आठ महिन्यांपूर्वीच सरांना विकली होती, कोऱ्या फॉर्मवर सह्या करून, माझ्यापेक्षा खूपच कमी किमतीला. ती किनाऱ्यावर कामाला होती हेही त्यांनी सरांना तेव्हाच सांगितलं होतं, आणि तसं मला लिहूनही दिलं. सर मध्यस्थ नव्हतेच, विकणारे तेच होते.

पोलिसांत लेखी अर्ज दिला. सुरुवातीला ही दिवाणी बाब आहे असं सांगितलं गेलं, पण आधीच्या मालकाचं पत्र आणि खात्यावर पाठवलेल्या पैशांची नोंद दाखवल्यावर अर्ज घेतला आणि पोच दिली. वकिलांच्या सल्ल्याने जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार केली आहे. तिथे दोन वर्षांच्या आत जावं लागतं. आधी कुठे विचारायचं हे कळत नसेल तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. आणि तुमच्या बाबतीत असं काही झालं तर गाडी दुरुस्त करायची घाई करू नका. मी हब, तुटलेलं ब्रॅकेट, पुट्टीचे तुकडे आणि ती वाळू मिस्त्रींसमोर पिशवीत बांधून ठेवली, प्रत्येक गोष्टीचा फोटो काढला आणि त्यांच्याकडून तपासणीचं सहीनिशी लिहून घेतलं. वकिलांनी पहिल्यांदा तेच मागितलं. रोख दिलेल्या 85 हजारांचा मात्र माझ्याकडे काहीही पुरावा नाही.

मग मी आमच्या बॅचमधल्या बाकीच्या पाच जणांना फोन केले. दोघांनी सरांकडूनच गाड्या घेतल्या होत्या. एक मालवणकडचा तरुण आहे, बायको आणि दोन लहान मुलांना घेऊन दर रविवारी जीपने फिरायचा. त्याच्या गाडीचं पासिंग कोल्हापूरचं, खाली तसंच नवं काळं कोटिंग. मी त्याला म्हटलं, फोन चालूच ठेव आणि हातोडी घेऊन गाडीखाली जा. तो पुढून ठोकत मागे गेला आणि मी इकडे ऐकत होतो. मागच्या पाट्याजवळ आवाज बदलला. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, आवाज तुम्ही म्हणालात तसाच आला."

त्याने त्याच दिवशी गाडीची बॅटरी काढून ठेवली. त्याची तक्रारही आता माझ्या तक्रारीबरोबर आहे. गाडी घेतलेल्या दुसऱ्याने मात्र, गाडी चांगली चालतेय, उगाच शंका नको, म्हणून तपासायला नकार दिला. तो दापोलीकडचा आहे, पावसाळ्यात सड्यावर फिरायला जातो. त्याला मी अजून अधूनमधून फोन करतो.