बिलिंग अ‍ॅप वर्षभर वापरल्यावर: बिल झटपट होतं, पण झालेलं बिल तसंच राहत नाही

इंदूरला रामबागेत आमचं नमकीन आणि मराठी फराळाचं दुकान आहे. काउंटर मी सांभाळते, घाऊक माल नवरा बघतो. देवास, महू, धारच्या दुकानदारांकडे आमची चिवड्याची, शेवेची, चकलीची पाकिटं जातात. गेल्या पाडव्याला, नवं आर्थिक वर्ष सुरू होतंय म्हणून, एका बिलिंग अ‍ॅपची वार्षिक योजना घेतली. नाव इथे देत नाही, कारण आमची तक्रार अजून चालू आहे. पण या धर्तीची अ‍ॅप बाजारात बरीच आहेत, आणि आमच्यासारखी छोटी दुकानं ती भराभर घेताहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

चांगलं आहे ते आधी सांगते. बिल खरंच पटकन होतं. बारकोड दाखवला, वजन टाकलं, छोट्या थर्मल प्रिंटरवर बिल हातात. संध्याकाळी गर्दी झाली तरी काउंटरवरचा मुलगा गोंधळत नाही. घाऊकवाल्यांना बिलाची पीडीएफ लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर जाते. उधारीची आठवण हिंदीतून आपोआप जाते, त्यामुळे नवऱ्याचे वसुलीचे फोन निम्मे झाले. पहिले काही महिने मी ओळखीच्या सगळ्यांना हे अ‍ॅप घ्या म्हणून सांगत होते.

मग २२ सप्टेंबर २०२५ उजाडला, घटस्थापनेचा दिवस. त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. पाकीटबंद, लेबल लावलेल्या नमकीनवर आधी १२ टक्के होते, ते ५ झाले. सुट्या नमकीनवर आधीपासूनच ५ होते. आमच्यासाठी ही आनंदाचीच बातमी होती. अ‍ॅपमध्ये मालाच्या यादीत जाऊन पाकिटांचा दर ५ केला आणि नवरात्राची विक्री सुरू केली.

दिवाळीनंतर देवासच्या एका व्यापाऱ्याचा फोन आला. ऑगस्टच्या बिलाची प्रत त्यांना पुन्हा हवी होती, ती मी अ‍ॅपमधून पाठवली होती. ते म्हणाले, "भाभीजी, इसमें तो पाँच परसेंट लगा है, आपने तो बारह लिया था." उघडून बघितलं तर खरंच. ऑगस्टची तारीख, तोच बिल क्रमांक, पण कर ५ टक्क्यांनी आणि एकूण रक्कम वेगळी. जुनी बिलं एकेक करून उघडली, सगळीकडे तेच. बिलात त्या दिवशीचा दर कायमचा नोंदवून ठेवण्याऐवजी अ‍ॅप प्रत्येक वेळी मालाच्या यादीतून आजचा दर उचलत होतं.

याचा अर्थ जीएसटी भरणाऱ्या माणसाला वेगळा सांगायला नको. ऑगस्टच्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्रात, ते बिल आम्ही १२ टक्क्यांनी दाखवलंय, कर भरलाय, त्या व्यापाऱ्याने त्याचं क्रेडिट, म्हणजे स्वतःच्या करातून तेवढी वजावट, घेतलंय. आता आमच्याच दप्तरात त्याच क्रमांकाचं बिल दुसऱ्या रकमेचं. शिवाय सप्टेंबरआधी गेलेला थोडा माल दिवाळीनंतर परत आला. त्याची क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम वजा केल्याची चिठ्ठी, मूळ बिलावरच्या करानेच, म्हणजे १२ टक्क्यांनी काढावी लागते. अ‍ॅप ती ५ नेच काढू देत होतं. आमच्या सीएंनी कपाळाला हात लावला. शेवटी वाचवलं ते व्हॉट्सअ‍ॅपने: ज्या-त्या दिवशी व्यापाऱ्यांना गेलेल्या पीडीएफ शाबूत होत्या. त्या एकेक शोधून, छापून मी फाइल बनवली. ऐन सणाच्या धामधुमीनंतरच्या रात्री त्यात गेल्या, आणि त्याचा राग मला अजून आहे.

ग्राहक सेवेबद्दल थोडक्यात. आधी यंत्राशी गप्पा, मग तक्रारीचं तिकीट, मग "तुमची समस्या सुटली आहे असे समजून तिकीट बंद करत आहोत." माणसाशी बोलणं झालं तेव्हा उत्तर मिळालं की जुन्या बिलाचा दर गोठवायची सोय वरच्या, म्हणजे जास्त पैशांच्या, योजनेत आहे. बिल न बदलणं ही सोय नाही, तो बिलाचा धर्म आहे. त्याचे वेगळे पैसे मागणं मला संतापजनक वाटतं. दुसऱ्या फोनवर अ‍ॅप चालवणं आमच्या योजनेत होतं, तेही मधल्या अपडेटनंतर वरच्या योजनेत गेलं. गिऱ्हाईक समोर उभं असताना "आम्हाला तारे द्या" ही खिडकी उघडते ती वेगळीच. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत असे १३ फसवे प्रकार नमूद केलेत. एक दाखवून दुसरंच गळ्यात मारणं आणि सतत टोचत राहणं, दोन्ही त्यात आहेत.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. कंपनीचं म्हणणं, तुम्ही व्यापारी आहात, ग्राहक नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू 'व्यावसायिक हेतू'तून वगळली आहे. आम्ही त्यावर बोट ठेवलं, तर ते म्हणतात आमची वस्तू नाही, सेवा आहे. तिथे गाडं अडलंय.

नूतनीकरण मात्र करणार नाही. पैसे आपोआप कापण्याची परवानगी अ‍ॅपमध्ये शोधत बसले नाही. यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये ऑटोपे विभागात जाऊन तिथूनच रद्द केली. अशी कपात होण्याआधी २४ तास सूचना येणं बंधनकारक आहे, पण तिची वाट कशाला पाहायची?

खरी अडचण माहिती बाहेर काढण्याची आहे. एक्सेलमध्ये सगळी बिलं एकत्र मिळत नाहीत, ती सोयही वरच्या योजनेत. योजना संपली की जुनी बिलं उघडतच नाहीत. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपायचे असतात. म्हणजे यंदाची बिलं मला २०३२ च्या डिसेंबरअखेरपर्यंत दाखवता आली पाहिजेत. तोवर दरवर्षी यांना पैसे भरायचे? दुकानाची वही दुकानदाराच्या कपाटात असते, विकणाऱ्याच्या गोदामात नाही. सध्या महिन्यामहिन्याचे अहवाल पीडीएफमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर ठेवतेय.

१ एप्रिलपासून संगणकावर चालणारं सॉफ्टवेअर घेतोय. यावेळी चाचणीच्या काळातच एक खोटं बिल केलं, मालाचा दर बदलला आणि ते बिल पुन्हा उघडलं. रक्कम हलली नाही. मग सगळी बिलं एक्सेलमध्ये काढून सीएंना पाठवली, त्यांच्याकडे ती नीट उघडली. मगच पैसे भरले.