रंकाळा : चालायला सकाळी, बसायला संध्याकाळी

आमच्याकडं कोल्हापुरात पाहुणे आले की अंबाबाईचं दर्शन झाल्यावर मी त्यांना रिक्षा करू देत नाही. महाद्वारातून बाहेर पडून ताराबाई रोड धरायचा आणि सरळ चालायचं. दुकानं संपतात, रंकाळा टॉवर येतो आणि समोर एकदम रंकाळा तळ्याचं पाणीच पाणी.

बाहेरगावचे लोक बहुतेक चौपाटीच बघून परत जातात. संध्याकाळी तिथं भेळ आहे, भाजलेलं कणीस आहे, लहान पोरांची खेळणी आहेत, आणि पलीकडच्या काठावर शालिनी पॅलेस या राजवाड्याच्या बाजूला सूर्य उतरतो. बसायला झकास. पण रविवारी तिथं फिरायचं म्हणाल तर नावच काढू नका. पोरांच्या गाड्या पायात येतात, आणि गाण्यांच्या आवाजात शेजारच्याशीही ओरडून बोलावं लागतं. नातवंडं सोबत असतील तर चौपाटी, नाहीतर लवकर येऊन कठड्यावर जागा धरा.

माझा जीव तळ्याकाठच्या पदपथ उद्यानात रमतो, तेही उन्हं वर यायच्या आत. माझ्या कुरकुरणाऱ्या गुडघ्यांना तिथली सपाट वाट मानवते. बगळे, पाणकावळे अगदी जवळून दिसतात. पोटं सावरत पळणारे, प्राणायामवाले, राजकारणावर तावातावानं बोलत चालणारे आजोबा, सगळे असतात; पण कुणी कुणाच्या वाटेत येत नाही.

संध्यामठ बघायचा तर उन्हाळ्यात या. पाणी उतरलं की तो दगडी मठ उघडा पडतो. पावसाळ्यात बराचसा पाण्यात असतो. इथं पूर्वी दगडाची खाण होती आणि भूकंपानं तिचं तळं झालं, असं जुनी माणसं सांगतात. काठावरचा नंदी रोज गहूभर पुढं सरकतो आणि तांदूळभर मागं येतो, तो तळ्यात पोचला की जगबुडी, हीही तिथलीच गोष्ट. पोरांना हे सांगितलं की ती नंदीपासून हलत नाहीत! शालिनी पॅलेस 1931 ते 1934 या काळात बांधला. तो मी लांबूनच बघायला सांगते, पाण्यापलीकडून जास्त शोभतो.

तक्रार एकच, पण मोठी. केंदाळ, म्हणजे जलपर्णी, वाढलं की पाणी दिसेनासं होतं आणि काही कोपऱ्यांत उग्र वास येतो. काढतात, पुन्हा येतं. सांडपाणी थांबल्याशिवाय नुसतं केंदाळ ओढून काय होणार? त्यात निर्माल्याच्या पिशव्या टाकणारे आपणच. शेजारी इराणी खणीत, म्हणजे पाणी साठलेल्या जुन्या खाणीत, गणपती विसर्जनाची सोय झाली, तेवढा तरी तळ्यावरचा भार कमी.

पाचातले चार तारे. बोटिंगच्या आशेनं येणार असाल तर चालू आहे का ते आधी विचारा. आणि पावसाळ्यात छत्रीऐवजी रेनकोट आणा, काठावरचा वारा छत्री उलटी करतो.