बोक्याची लघवी वारंवार अडकते : कोरडे दाणे द्यावेत की ओलं खाणं?

ज्यांच्या बोक्याची लघवी एकदा अडकली, कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून मोकळी झाली आणि डॉक्टरांनी "आता खाणं बदला, नाहीतर परत होईल" असं सांगून घरी पाठवलं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पुढचा प्रश्न आपल्यालाच सोडवायचा असतो: युरिनरीचे, म्हणजे लघवीच्या त्रासासाठी बनवलेले, कोरडे दाणे आणायचे, की युरिनरीचेच ओले पाऊच? मी दोन्ही करून पाहिलंय. आमचा सोन्या सहा वर्षांचा, खच्चीकरण झालेला, साडेचार किलोचा तांबडा बोका. आम्ही राहतो वेळणेश्वरजवळ. मांजरं बघणारे डॉक्टर चिपळूणला, म्हणजे पावसात चांगलाच लांबचा प्रवास. हे अंतर मुद्दाम सांगतोय, कारण माझ्या निर्णयात त्याचाही वाटा आहे.

तुलनेआधी एकच गोष्ट. बोका सारखा मातीत जाऊन बसतोय, कुंथतोय, ओरडतोय, मागे चाटत राहतोय आणि थेंबही येत नाहीये, असं दिसलं तर खाण्याचा विचार बाजूला ठेवा आणि आहात तसे निघा. रात्र असली तरी निघा. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी फार अरुंद असतो. तो पूर्ण बंद झाला की दिवस-दोन दिवसांत मूत्रपिंडं काम सोडू लागतात, रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदय थांबतं. पहिल्या खेपेला मला ते बद्धकोष्ठ वाटलं होतं. अर्धा दिवस त्यात गेला, त्याचं वाईट अजून वाटतं. आणि दुखतंय म्हणून माणसांची पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, मांजराला ती विषच आहे.

आता दाण्यांची बाजू, आणि ती मनापासून मांडतो. पहिल्या अडकण्यानंतर, जूनमध्ये, डॉक्टरांनी लघवी तपासली. त्यात स्ट्रुव्हाइटचे कण होते. हे खडे मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचे बनतात, लघवी आम्लधर्मी आणि पातळ झाली की विरघळतात. युरिनरीचे दाणे त्यासाठीच बनवलेले असतात: मॅग्नेशियम कमी, लघवी किंचित आंबट ठेवणारे, काहींत मांजराने पाणी प्यावं म्हणून मीठही थोडं जास्त. खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतील तर मात्र ते कुठल्याच खाण्याने विरघळत नाहीत, काढावेच लागतात. म्हणून तपासणी न करता दुकानातून "युरिनरी" लिहिलेली पिशवी उचलू नका. सोन्याच्या लघवीतले कण दाण्यांनी गेले, महिन्याभरात पुन्हा तपासली तेव्हा लघवी स्वच्छ होती. हे श्रेय दाण्यांना द्यायलाच हवं.

शिवाय दाणे स्वस्त पडतात. आमच्याकडे वीज जाते तेव्हा फ्रीजची काळजी नसते. दिवसभर बाहेर असणाऱ्या माणसाला वाटीत घालून जाता येतं. वास कमी, कचरा कमी. घरात तीन-चार मांजरं असतील तर पाऊचचा खर्च झेपणं कठीण, हेही मान्य.

माझं घोडं अडलं ते एका गोष्टीपाशी. दाणे सादळतात.

कोकणातल्या माणसाला सादळणं म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून घरातलं मीठ ओलं होतं, पापड मऊ पडतात, काड्यापेटी ओढली तरी पेटत नाही. त्याच घरात दोन किलोची दाण्यांची पिशवी उघडून ठेवायची. मी ती घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवली, आत कापडात बांधलेले तांदूळ घातले, डबा चुलीजवळच्या फळीवर ठेवला. पण डबा दिवसातून दोन-तीनदा उघडावाच लागतो, आणि दर वेळी ती ओली हवा आत जाते. दहाव्या-बाराव्या दिवशी दाणा बोटांत दाबला तर कुडकुडण्याऐवजी दबायचा. माझ्या नाकाला काही कळायचं नाही, पण सोन्याला कळायचं. वाटीशी यायचा, हुंगायचा, पंजाने जमीन उकरल्यासारखं करायचा आणि निघून जायचा. तव्यावर गरम करून पाहू का म्हणून डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी नको म्हणून सांगितलं. छोट्या पिशव्या मागवाव्यात तर त्या कायम मिळत नाहीत, आणि कुरिअर आमच्या वाडीपर्यंत येत नाही, शृंगारतळीला जाऊन आणावं लागतं.

तुम्ही म्हणाल, नाही खाल्लं एक वेळ तर काय बिघडलं? दोन गोष्टी बिघडतात. मांजर, त्यातही जाडजूड मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं. आणि दुसरं, भुकेला बोका घरात बसून राहत नाही.

१ जून ते ३१ जुलै मोठ्या बोटींची मासेमारी बंद असते. ताजं मासळीचं पाणी नाही, डोकी-शेपट्या नाहीत. त्या दोन महिन्यांत सगळ्या वाडीत डबे उघडतात ते सुकटीचे, बोंबलांचे, सोड्यांचे. दुसऱ्या पावसात, जुलैत, सोन्याची लघवी पुन्हा पूर्ण अडकली. डॉक्टरांनी विचारलं, "बाहेरचं काय खातो?" मी ठामपणे सांगितलं, काही नाही. घरी आल्यावर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "अरे, तो तर रोज सकाळी आमच्या पडवीत सुकट खायला येतो. तुमच्याकडे खात नाही म्हणून मीच घालते हो, बिचारा." खारवलेली, कोरडीठाक, काट्यांसकट सुकट! वहिनींनी प्रेमानेच घातली होती, त्यांना दोष नाही. माझी वाटी सादळलेल्या दाण्यांनी भरलेली होती, आणि मी त्या भरलेल्या वाटीवर विसंबून होतो. चार दिवस तो दवाखान्यात होता. त्यानंतर मी पाऊचवर गेलो.

ओल्या खाण्याचा हिशेब अगदी साधा आहे, आणि तो मला आधीच कुणीतरी पाटीवर लिहून दाखवायला हवा होता. मांजराला दिवसाला किलोमागे साधारण ५० मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे सोन्याला सव्वादोनशेच्या आसपास. दाण्यांत पाण्याचं प्रमाण सुमारे १० टक्के. साठ ग्रॅम दाणे खाल्ले तर पोटात गेलं सहा मिलिलिटर पाणी, उरलेलं त्याने वाटीतून प्यायला हवं. पण मांजराचे पूर्वज वाळवंटातले, तहान त्यांना उशिरा लागते. दाणे खाणारं मांजर पाणी जास्त पितं हे खरं, तरी तेवढी भरपाई बहुतेकांच्या हातून होत नाही. उलट पाऊचमध्ये ७५ ते ८० टक्के पाणीच असतं. ८५ ग्रॅमचे तीन पाऊच म्हणजे जवळजवळ दोनशे मिलिलिटर पाणी जेवणातूनच गेलं. तो पाण्याच्या वाटीकडे वळला नाही तरी माझा जीव खालीवर होत नाही.

फरक मी पुळणीत पाहिला. सोन्यासाठी पडवीच्या कोपऱ्यात जुन्या घमेल्यात कोरडी पुळण, म्हणजे समुद्रकाठची वाळू, भरलेली असते. दाण्यांच्या दिवसांत तिच्यात रुपयाएवढे तीन-चार ओले गोळे मिळायचे, उग्र वासाचे. आता पुरीएवढे चार-पाच मिळतात, आणि वास जवळ गेल्याशिवाय येत नाही. प्रयोगशाळेचा आकडा माझ्याकडे नाही, पण रोज सकाळी घमेलं मीच साफ करतो, त्यामुळे एवढं मी खात्रीने सांगू शकतो. ज्यांचं मांजर बाहेर परड्यात जातं त्यांनी निदान पावसात तरी असं घमेलं ठेवावं. लघवी होतेय की नाही हे दिसलं नाही तर बाकी सगळे उपाय आंधळे.

"मग दाणेच पाण्यात भिजवून का देत नाही?" असं धाकट्या भावाने विचारलं होतं. करून पाहिलं. थंडीत जमलं, थोडंफार खाल्लं त्याने. पावसाळ्यात अर्ध्या तासात आंबूस वास, वर मुंग्या. तुमचा बोका खात असेल तर हा मधला मार्ग वाईट नाही, खर्चही वाचतो.

पाऊचचे त्रासही सांगतो. आमचा महिन्याचा खर्च दाण्यांच्या जवळजवळ चौपट झाला. रिकाम्या पाकिटांचा कचरा साठतो. मुंग्यांसाठी ताटली पाण्याच्या परातीत ठेवावी लागते. ओल्या खाण्याचा मोठा डबा घेतला तर उरलेलं फ्रीजमध्ये ठेवायला लागतं आणि नेमकी तेव्हा वीज जाते, म्हणून मी डब्याऐवजी पाऊचच घेतो, एका बैठकीला एक संपतं. आणि पहिले तीन आठवडे धीर धरावा लागतो. दाण्यांवर वाढलेलं मांजर मऊ खाण्याला तोंड लावत नाही. चमचाभर पाऊचपासून सुरुवात केली, वर चार दाणे चुरडून. बंबातल्या गरम पाण्यात पाऊच दोन मिनिटं बुडवून कोमट केलं की वास सुटतो, मग तो यायचा.

आई विचारायची, घरात मासे असताना विकतचं कशाला? घरचं मासळीचं जेवण हा तिसरा पर्याय म्हणून मी धरत नाही. नुसत्या माशावर मांजराचं भागत नाही, चुना (कॅल्शियम) आणि इतर गोष्टींचं प्रमाण बिघडतं. बऱ्याच कच्च्या माशांतल्या एका घटकामुळे बी-वन जीवनसत्त्व नष्ट होतं, आणि काटे निराळेच. पण आईचा एक वाटा आम्ही ठेवलाय. बांगड्याची डोकी नुसत्या पाण्यात उकळायची. मीठ नाही, कोकम नाही, तिरफळं नाहीत, कांदा-लसूण तर अजिबात नाही, कारण मांजराच्या रक्ताला ते घातक आहेत. ते पाणी गाळून दोन-तीन चमचे पाऊचवर. सोन्या ताटली चाटून पुसून ठेवतो. कुळथाचा काढा मात्र देऊ दिला नाही. माणसाच्या मूतखड्यावर घरोघरी तो देतात, पण बोक्याच्या अरुंद मार्गात अडकलेलं काढ्याने सुटेल म्हणून वाट बघणं परवडणारं नाही.

एक गोष्ट माझ्या निष्कर्षाच्या आड येते, ती लपवत नाही. मांजरांच्या या दुखण्यात निम्म्याहून जास्त वेळा खडेही नसतात आणि जंतूही नसतात, मूत्राशयाला नुसती सूज असते आणि ताणाने ती उफाळते. म्हणूनच दर वेळी अँटिबायोटिक मागण्यात अर्थ नाही. पहिल्या वर्षी गणपतीत सोन्याच्या लघवीतून रक्त आलं होतं. तपासणीत कण सापडले नाहीत. तेव्हा घरात मुंबईहून आलेली अठरा माणसं, रात्रभर आरत्या, बाल्या नाच, फटाके, आणि पडवीतल्या त्याच्या कोपऱ्यात सामानाच्या बॅगा. आता गणपतीत त्याला माजघरामागची खोली देतो: घमेलं, पाणी, ताटली सगळं आत, मुलांनी दार उघडायचं नाही. पाऊच सुरू केले आणि ही खोली दिली ते एकाच वर्षी. त्यानंतरच्या दोन पावसाळ्यांत लघवी अडकली नाही, गेल्या गणपतीत एक दिवस थोडा कुंथला तेवढंच. यातलं श्रेय पाऊचला किती आणि खोलीला किती, मला वेगळं काढता येत नाही.

तरी तुम्ही पुण्यात कोरड्या हवेत राहत असाल, दवाखाना दहा मिनिटांवर असेल आणि बोका पाण्याच्या वाटीशी दिवसातून पाच वेळा जात असेल, तर दाण्यांनी तुमचं निभावेल असं वाटतं. ज्यांचा बोका ओलं खाणं तोंडातच घेत नाही त्यांनी तर दाणेच द्यावेत, उपाशी ठेवू नये. किनारपट्टीवर, दमट घरात, डॉक्टरांपासून लांब राहणाऱ्याने मात्र, खर्च झेपत असेल तर, निदान जून ते सप्टेंबर पाऊचवर काढावेत, असं मी सुचवेन. आठ महिने दाणे आणि चार महिने पाऊच असंही चालेल का, हे मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, चालेल, पण बदल दहा-बारा दिवस घेऊन सावकाश करा आणि सुकटीवर नजर ठेवा. मी स्वतः परत दाण्यांकडे गेलो नाही.

मे संपायच्या आत चिपळूणहून चार महिन्यांची खोकी आणून माळ्यावर ठेवतो. वहिनींना त्यातले पाच-सहा पाऊच देऊन ठेवलेत. सोन्या सकाळी त्यांच्या पडवीत गेलाच, तर आता त्या सुकटीऐवजी तेच घालतात.